चाकाला घास

श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी पार्बताबाईच्या कहाणीत लक्ष्मी प्रसन्न झाली, झोपडीचा वाडा झाला, चुलीखाली हंडाभर सोनं निघालं, आणि खुशालराव पाटलांच्या ओसरीवर बसलेल्या बायकांपैकी एकीलाही त्याचं काही वाटलं नाही.

"बस? एकच हंडा?" मागून कुणीतरी विचारलं.

ओसरीभर हशा पिकला. गोदाबाईनं तर तोंडावर हात न धरता जांभई दिली.

पार्बताबाईच्या उभ्या जन्मात असं झालं नव्हतं. ती भातकुलीची माळीण. खाऱ्या पाण्याच्या त्या मुलखात गोड पाण्याची एक विहीर होती, ती तिच्या मळ्यात. तिथं वांगी, भेंडी, झेंडू पिकायचे आणि तिचा नवरा नत्थुजी ते बैलावर लादून अमरावतीच्या बाजारात न्यायचा. पण गावात तिला मान होता तो कहाण्यांमुळे. श्रावणातल्या शुक्रवारी पाटलीणबाईंच्या ओसरीवर तिला पाट मिळायचा. आईकडून आलेल्या कहाण्या ती शब्द न सांडता सांगायची. दुःखाची जागा आली की बायकांचे पदर डोळ्यांकडे जायचे, आणि देवी पावली की सगळ्या मिळून एक सुस्कारा सोडायच्या. त्या सुस्काऱ्यासाठी पार्बताबाई वर्षभर वाट बघायची.

या साली सुस्कारा आलाच नाही.

येणार कुठून? सातासमुद्रापार गोऱ्या-गोऱ्यांत लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस तिकडेच अडकला आणि इंग्रजाच्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसाकडे तोंड वासून बसल्या. कापसाला असा भाव आला, की बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या, लुगड्यांना जरीचे काठ आले, आणि खुशालराव पाटलांनी आपल्या दमणीच्या, म्हणजे बसायच्या हलक्या गाडीच्या, चाकांवरची लोखंडी धाव काढून चांदीची बसवली. ती बघायला बडनेऱ्यापासून लोक आले होते. अशा गावाला चुलीखालच्या हंड्याचं काय कौतुक!

घरी जाताना सून जमुना म्हणाली, "आत्याबाई, राग नका मानू, पण तुमची लक्ष्मी आता कंजूष वाटून रायली."

"देवीले कंजूष म्हणतं?"

"मी नाही म्हणत. सगळ्या म्हणून रायल्या."

पार्बताबाई रात्री जेवली नाही. नत्थुजीनं कारण विचारलं, ऐकून घेतलं आणि कढीचा भुरका मारून म्हणाला, "मंग बदल ना गोष्ट."

"माह्या मायची गोष्ट हाये ते. तिच्यात हात कसा घालू?"

"बाजारात गिऱ्हाईक जे मागते ते मी नेतो. परवाची भेंडी घेऊन बसलो त कोणी हुंगते का मले?"

"गोष्ट म्हणजे भेंडी नोहे," पार्बताबाई फणकारली. पण दुसऱ्या दिवशी झेंडू खुडता खुडता तिच्या तोंडात आपोआप नवे शब्द यायला लागले. आधी चोरट्यासारखे आले, मग धीट झाले. दुपारपर्यंत तिनं एकटीनंच दोनदा मोठ्यानं हसून घेतलं आणि मोट हाकणाऱ्या नत्थुजीनं बैल थांबवून तिच्याकडे बघितलं.

दुसऱ्या शुक्रवारी भाऊ-बहिणीची कहाणी असायची. पार्बताबाईनं पाटावर बसून पदर खोचला.

"ऐका माय. एक गाव होतं. फार जुनं नाही, फार दूरही नाही. तिथल्या बैलाच्या गळ्यात जेवढे घुंगरू, तेवढे आपल्या गावात माणसं नाहीत. तिथं एक भाऊ राहे. कापूस विकून विकून एवढा मोठा झाला, का त्याच्या मिशीलेही सावकारी आली."

पहिल्याच वाक्यांना हशा आला. पार्बताबाईच्या अंगात वारं शिरलं. तिनं भावाला पंगत घालायला लावली. पंगतीत अमरावतीचे व्यापारी बसवले, त्यांना पाच पक्वान्नं वाढली, पानावरून तुपाचा ओहोळ सोडला. मग विटकं लुगडं नेसलेली बहीण आली. कहाणीत होतं तसंच, बोलावणं नसताना, भावाच्या मायेनं आली. भावानं तिच्याकडे बघितलं, व्यापाऱ्यांकडे बघितलं आणि नोकराला सांगितलं, हिला तिकडे गोठ्याशी बसव.

इथं ओसरी गप्प झाली.

पार्बताबाईला वाटलं, जमलं! किती दिवसांनी अशी शांतता ऐकली. ती आणखी रंगात आली. बहीण न जेवता निघून गेली. तिनं लक्ष्मीचं व्रत केलं. लक्ष्मी म्हणाली, बाई, सोनं-नाणं आता कोणी मोजत नाही, मी तुझ्या वावरातल्या बोंडाला भाव देते. झालं! बहीण भावापेक्षा मोठी झाली. आता गावात सगळ्यात मोठी गोष्ट कोणती, तर पाटलांची दमणी. म्हणून पाटलीण दुर्गाबाईंना बरं वाटावं या हिशेबानं पार्बताबाईनं बहिणीच्या गाडीला चांदीची चाकं लावली. तशी बहीण आली, तर भाऊ वेशीपर्यंत धावला. पाट मांडला, रांगोळी घातली, पान वाढलं. बहिणीनं काय करावं? जुन्या कहाणीत ती अंगावरचे दागिने उतरवून पाटावर ठेवते आणि त्यांना घास देते. पार्बताबाईच्या कहाणीतली बहीण पान उचलून थेट अंगणात गेली. पुरणपोळीचा घास मोडून तिनं गाडीच्या चाकाला लावला. "खाय बापा चाका, खाय. मी आलती तवा मले पाट नव्हता. आज पाट मांडला तो तुलेच मांडला. पोटभर जेव, लाजू नको."

तिनं हात जोडले. "तिचं भलं झालं, तुमचंही होवो. माही गोष्ट इथं टेकली."

कुणी हसलं नाही, कुणी सुस्कारा टाकला नाही. पाटलीण दुर्गाबाई जागेवरून उठल्या आणि आत निघून गेल्या. बायका एकमेकींच्या नजरा चुकवत प्रसाद घेऊन पांगल्या.

"काय झालं वं?" वाटेत पार्बताबाईनं जमुनाला विचारलं.

जमुनानं आधी मागं-पुढं बघितलं. "आत्याबाई, उन्हाळ्यात पाटलाकडं चाकांची पूजा झालती, पंगत उठलती. तुमी तवा माहेरी होत्या. मी वाढाले होती."

"मंग?"

"पाटलाची मोठी बहीण आलती. गंगूबाई. मोर्शीकडं देली ना, ते. अमरावतीपासून पायी आलती बिचारी. लुगडं धुळीनं भरलेलं. पाटलानं तिले गोठ्याच्या अंगाले बसवलं. ते तशीच उठली न् गेली, पाणीही नाही पिली."

पार्बताबाई रस्त्यातच उभी राहिली. "आन् हे तू मले आज सांगून रायली?"

"पाटलीणबाईनं सगळ्याईले शपथ घातलती, का घरातलं घरात राहू द्या. मी तुमाले नाही सांगतलं, कोणालेच नाही सांगतलं." जमुना हळूच म्हणाली, "तुमीच सांगतलं आज सगळ्याईले."

आता गोष्टच ती. ओसरीवर थोडीच बसून राहते! निंदणाला जाणाऱ्या बायांनी ती वावरात नेली, गाडीवाल्यांनी अमरावतीला. मंगळवारी नत्थुजी बाजारातून आला तो घाम पुसत हसत होता. एका गाडीवानानं त्याला चाकाची गोष्ट सांगितली होती. नत्थुजी म्हणाला, हे माह्या घरचीच गोष्ट हाये. तर गाडीवान म्हणे, बुढ्या, तुले काय समजते, हे खरी अकोल्याची गोष्ट हाये. आणि ऐकायला जमलेल्यांनी गाडीवानाचीच बाजू घेतली. पुढचं मात्र नत्थुजीनं आवाज खाली करून सांगितलं. खुशालराव पाटील आडत्याकडे गेले होते. त्यांची दमणी बाजारात उभी राहिली आणि कापसाच्या वखारीमागून कुणीतरी ओरडलं, "पाटील, पयले चाकाईले जेवू घाला!" मग दुसरीकडून, मग तिसरीकडून. पाटील सौदा न करता परत फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील स्वतः मळ्यात आले. माणूस अंगानं थोराड, फेटा पिवळा धमक. विहिरीच्या काठावर बसले आणि बराच वेळ मोटेचं पाणी बघत राहिले. पार्बताबाई हातातली वांग्याची पाटी खाली ठेवायचीही विसरली.

"बाई, गोष्टीतले चाकं काढून टाका," पाटील शेवटी म्हणाले.

"काढते, पाटील."

"गोष्ट देवीची हाये, मी तिले नाव ठेवत नाही. पण चाकं त माहे हायेत."

"काढते म्हटलं ना. मले ठाऊक नव्हतं, देवाशपथ. मी त दुर्गाबाईले बरं वाटावं म्हणून लावले होते."

पाटील उठले, दोन पावलं गेले आणि वळले. "आन् मी आक्काले गोठ्यात नाही बसवलं. गोठ्याच्या बाजूले बसवलं. तिथं सावली होती." एवढं बोलताना त्यांचा चेहरा असा झाला, की पार्बताबाईला एकदम या माणसाचं लहानपण आठवलं. गंगूबाईच्या कडेवर बसून, नाक गळत, सगळ्या गावात फिरणारा खुशाल. गंगूबाईनं त्याला एवढा उचलला होता, की तिची कंबर एका अंगाला कलली असं दोघांची माय म्हणायची.

पाटील गेले आणि संध्याकाळी पाटलीण आली. फुलं न्यायला नोकर यायचा; दुर्गाबाई कधी मळ्यात आल्या नव्हत्या. पार्बताबाईला वाटलं, आता आपलं काही खरं नाही.

दुर्गाबाई झेंडूच्या ओळीत उभ्या राहिल्या आणि एक फूल उगाच कुस्करत म्हणाल्या, "पार्बताबाई, तुमच्या गोष्टीत भावजय काय करते?"

"भावजय?"

"भाऊ हाये, बहीण हाये. भावाची बायको असंन ना घरात? तिच्या पुढ्यातून नणंद उपाशी गेली. तवा ते काय करून रायली होती?"

पार्बताबाई विचारात पडली. आईनं सांगितलेली कहाणी तिनं मनातल्या मनात या टोकापासून त्या टोकापर्यंत हुडकली. "काही नाही करत, पाटलीणबाई. तिले काही बोलणंच नाही."

"हां," दुर्गाबाई म्हणाल्या. "मीही काही नाही केलं. हातात वरणाचं भांडं होतं, ते घेऊन उभी रायली." कुस्करलेलं फूल त्यांनी खाली टाकलं. "तिले काही कराले लावा बाई. एवढी मोठी गोष्ट, आन् ते बापडी उभीच."

तिसऱ्या शुक्रवारी ओसरीवर बसायला जागा उरली नाही. त्या शुक्रवारची कहाणी वेगळी होती, पण ती कुणाला नको होती. चाकाची सांगा, चाकाची सांगा, असा गलका झाला. पार्बताबाईनं दुर्गाबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

पार्बताबाईनं सांगायला घेतलं. कबूल केल्याप्रमाणे चाकं गाळली, तर गोदाबाई ओरडली, "चाकं कुठं गेले?"

"लोहाराकडं गेले, दुरुस्तीले," पार्बताबाई म्हणाली आणि हशात ती अडचण टळली. मग ती पंगतीपर्यंत आली. "भावानं बहिणीले बाजूले बसवलं. बहीण उठली. आन् ऐका माय, आजपर्यंत हे कोणी सांगतलं नाही. भावजय होती तिथं. तिच्या हातात वरणाचं भांडं होतं. तिनं ते खाली ठेवलं. अन् ते व्यापाऱ्यासमोरून, सासऱ्यासमोरून, डोक्यावरचा पदर सावरत निघाली ते थेट वेशीपर्यंत नणंदेच्या मागं."

बायका पुढे सरकल्या.

"नणंद नदीच्या काठाले भेटली. मंग भावजय तिले म्हणते..." आणि इथं पार्बताबाईचे शब्द संपले. खरंच संपले. भावजयीनं काय म्हणावं ते तिला सुचेना. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच कहाणीच्या मध्यात गप्प झाली.

"काय म्हणते?" सगळ्यांनी विचारलं.

"काही नाही म्हणत," दुर्गाबाई आपल्या जागेवरून म्हणाल्या. ते सगळ्यांना ऐकू गेलं. "म्हणाची वेळ गेली. ते गाडी जुंपते आन् तिले आणाले जाते."

खुशालराव त्या वेळी अकोल्याला गेले होते; तिकडे आगगाडीचा रस्ता येणार म्हणून जमिनींची मापं चालली होती आणि पाटलांना ती बघायची होती. शनिवारी उजाडता उजाडता दुर्गाबाईंनी पुंजारामला दमणी काढायला सांगितली. पुंजाराम घरचा जुना गाडीवान. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मालकानं पावसाळ्यात चांदीचे चाकं बाहेर काढू नको म्हटलं."

"बाकीच्या बैलबंड्या वावरात हायेत. हेच एक गाडी घरी हाये. जुंप."

मग दमणी मळ्यापाशी थांबली. "चला पार्बताबाई," दुर्गाबाई म्हणाल्या. "हे तुमीच लावलं, आता एकटीले नका पाठवू." पार्बताबाईनं मळा नत्थुजीच्या आणि चूल जमुनाच्या हवाली केली, धुतलेलं लुगडं नेसली आणि चांदीच्या चाकांवर बसून निघाली. बसल्यावर तिला कळलं, की बसणाऱ्याला चांदी आणि लोखंड सारखंच हिसडतं.

अमरावतीत दुर्गाबाईंच्या आत्याकडे मुक्काम झाला, सकाळी अंबादेवीला नारळ फुटला. मोर्शीचा रस्ता बरा होता, आभाळही उघडं होतं. पण गंगूबाईचं खेडं रस्त्यापासून आत. दमणी काळ्या वावरांच्या वाटेला लागली आणि घटकाभरात डावं चाक आखापर्यंत चिखलात गेलं. पुंजारामनं बैलांना गोंजारलं, ओरडला, शेवटी कपाळाला हात लावून बसला. मग उजवं चाकही शांतपणे खाली बसलं.

"चांदी दिसून नाही रायली आता," पार्बताबाई म्हणाली.

"बरं झालं," दुर्गाबाई म्हणाल्या, खाली उतरल्या आणि जरीचं लुगडं खोचून चाकाला हात घातला. पार्बताबाई दुसऱ्या बाजूला. दोघी ढकलत होत्या, घसरत होत्या, आणि चिखल होता की त्यांच्यावरच उडत होता. शेजारच्या वावरात निंदण चाललं होतं. तिथून एक उंच, सडसडीत बाई विळा कमरेला खोचून आली. "सरका माय. असं नाही ढकलत, एका सुरात ढकला. हां, हाऽऽ!" तिनं खांदा लावला. चाक जरा हललं, पुन्हा बसलं. मग तिनं बाजूला ढकलणाऱ्या बाईचं तोंड बघितलं. चिखलानं भरलेलं ते तोंड तिनं पुन्हा एकदा नीट बघितलं.

"वयनी? तुमी?"

दुर्गाबाईंना रडू फुटलं. "आक्का, मी तुमाले न्याले आली."

"मले न्याले आल्या का मले ढकलाले लावाले आल्या?" गंगूबाई म्हणाली, आणि तिला इतकं हसू आलं, की ती चाकाला धरून खालीच बसली.

तिच्या नवऱ्यानं, सूर्यभाननं, आपले दोन्ही बैल आणून दमणी बाहेर काढली. घरी पार्बताबाईनं भोवती बघितलं. कहाणीतल्यासारखं झोपडं-बिपडं काही नव्हतं. कापूस सूर्यभानलाही पिकला होता. त्यानं एक म्हैस घेतली होती आणि उरलेल्या वावरात ज्वारी पेरली होती. दारावर गेल्या सालच्या कणसांचे झुबके टांगलेले. अंगणात ती म्हैस अशी बसली होती, की तिच्यापुढे पाटलांच्या सगळ्या चांदीचा तोरा उतरावा.

जेवायला आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर होती. जेवताना दुर्गाबाई म्हणाल्या, "आक्का, त्या दिवशी मी उभीच रायली. माहं चुकलं."

"मी रडली-गिडली नाही," गंगूबाई म्हणाली. "मले भूक लागलती, म्हणून राग आला. भुकेच्या रागात माणूस परत जाते. घरी आली, जेवली, तवा वाटलं, का खुशाललेच एक थापड मारून याले पाहिजे होतं." मग ती एकदम उजळली. "अवं, तुमाले सांगाचंच रायलं! मोर्शीच्या बाजारात एका भाजीवालीनं मले गोष्ट सांगतली. एक भाऊ होता, त्यानं बहिणीले गोठ्यापाशी बसवलं, मंग तिनं चाकाले घास देल्ला. काय गोष्ट हाये वं! मी त त्या भावाले एवढ्या शिव्या देल्या, एवढ्या देल्या, का भाजीवाली म्हणे, बाई, थांबा आता."

दुर्गाबाई पार्बताबाईकडे बघू लागल्या. पार्बताबाई भाकरीकडे बघू लागली.

"काय झालं?" गंगूबाईनं विचारलं. मग तिच्या डोळ्यांसमोर एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. गोठा, पंगत, अंगणात उभी असलेली चिखलानं माखलेली दमणी. "अवं माय," ती म्हणाली. "म्हणजे मी माह्याच भावाले...?"

"हो," पार्बताबाई म्हणाली.

गंगूबाईनं कपाळाला हात लावला. थोड्या वेळानं बोटांच्या फटीतून बघत तिनं विचारलं, "आन् हे कोणी रचली?"

"देवीची हाये," पार्बताबाईनं आधी सांगितलं. मग खरं सांगितलं, "थोडी माही हाये."

भातकुलीला दमणी परतली तेव्हा पाटील अकोल्याहून येऊन दोन दिवस झाले होते, आणि त्या दोन दिवसांत गावानं त्यांना काय झालं ते चारदा सांगितलं होतं. अंगणाच्या भिंतीवर पोरं, दारात बाया, पारावर म्हातारे. सगळ्यांना एकच बघायचं होतं, गंगूबाई चाकाला घास देते की नाही. पाटील दारात उभे. चाकांकडे बघितलं तर चांदी कुठे आणि चिखल कुठे ते कळत नव्हतं. एका जागी पत्रा सुटून लोंबत होता. पाटलांनी तिकडे पाठ केली.

"आक्का," ते म्हणाले. "पाय धू. पाणी ऊन हाये."

ओसरीच्या मधोमध पाट मांडला होता. पान वाढलं. पुरणपोळी, कढी, वांग्याची भाजी. वांगी पार्बताबाईच्याच मळ्यातली. गंगूबाई पाटावर बसली आणि सगळं अंगण श्वास धरून उभं राहिलं. तिनं पोळीचा मोठा घास मोडला. अंगणाकडे बघितलं. दारातली मंडळी एक पाऊल पुढे सरकली.

"काय पाहून रायले?" ती म्हणाली. "चाकाले भूक नसते. मले लागली हाये." आणि तो घास तिनं स्वतःच्या तोंडात घातला.

लोक खट्टू झाले. भिंतीवरचं एक पोरगं तर मोठ्यानं "हॅट!" म्हणालं. पण गंगूबाई जेवतच राहिली. तुपाचं भांडं घेऊन पाटील स्वतः आले. वाढताना तूप पानाबाहेर सांडलं.

"सांडू नको, खुशाल," ती म्हणाली. "बस इथं. माह्या बाजूले बस. तू कवापासून जेवला नाहीस? डोळे आत गेले तुहे."

पाटील बसले. एवढा मोठा माणूस, पण बसताना त्यांनी गुडघे लहान पोरासारखे पोटाशी घेतले. तिनं आपल्या पानावरची अर्धी पोळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खाल्ली. मग मान खाली घालून म्हणाले, "आक्का, तिथं सावली होती म्हणून म्हणालो होतो मी लोकाईले. ते खोटं होतं. मले तुह्या लुगड्याची लाज वाटली."

"माहीत हाये मले," गंगूबाई म्हणाली. "आन् मी तुले बाजारात शिव्या देल्या. झाली फिटंफाट. कढी वाढ."

दुर्गाबाईंनी कढी वाढली. पार्बताबाई खांबाला टेकून उभी होती. असा शेवट तिला शंभर वर्षं बसून सुचला नसता, आणि सुचला असता तरी ओसरीवर कुणाला पटला नसता. चाकाला घास देण्यात जो ठसका होता तो यात नव्हता. तरी त्या वेळी छातीतून निघालेला सुस्कारा तिचा स्वतःचाच होता.

पोळ्यापर्यंत राहा, म्हणून सगळ्यांनी गंगूबाईला धरून ठेवलं. शेवटच्या शुक्रवारी ती ओसरीवर पहिल्या ओळीत येऊन बसली. पार्बताबाईनं पाटावर बसून सुरुवात केली, "ऐका माय. एक गाव होतं. बहिणीचं लुगडं विटकं होतं."

"विटकं नव्हतं," गंगूबाई म्हणाली. "धुळीचं होतं. दोहोत फरक हाये."

"बरं, धुळीचं. भावानं तिले गोठ्यात बसवलं."

"गोठ्याच्या बाजूले," आतून पाटलांचा आवाज आला. ओसरी हसून लोटपोट झाली.

"भावजयीच्या हातात वरणाचं भांडं होतं," पार्बताबाईनं नेटानं गोष्ट पुढे रेटली.

"कढीचं होतं ना, वयनी?" गंगूबाईनं विचारलं.

"नाही आक्का, वरणाचंच. माह्या हातात होतं, मले ठाऊक."

"मले वाटते कढीचं होतं. मी वासावरून सांगते."

दोघींचं वरण की कढी हे भांडण काही मिटेना. इकडे जमुनानं आपलं मत दिलं, तिकडे गोदाबाईनं आपलं. पार्बताबाईनं थोडा वेळ वाट बघितली, मग पाटावरून उठली आणि बाजूला झाली.

"या गंगूबाई. तुमीच सांगा. माह्यानं होत नाही."

गंगूबाईनं नाही-नाही म्हटलं, लाजली, आणि शेवटी येऊन पाटावर बसली. तिला कहाणी सांगता येत नव्हती, हे पहिल्या दोन वाक्यांतच कळलं. भाऊ राहिला बाजूला, देवी राहिली बाजूला, आणि ती आपली म्हैस मोर्शीच्या बाजारातून घरी कशी आणली तेच सांगायला लागली. म्हैस वाटेत एका नाल्यात जाऊन बसली होती आणि उठायला तयार नव्हती. सूर्यभाननं तिला हात जोडले होते. बायका हसून हसून डोळे पुसत होत्या. पार्बताबाई त्यांच्यात, गोदाबाई आणि जमुनाच्या मध्ये, मांडी घालून बसली.

"मंग उठली का म्हैस?" तिनं विचारलं.

"ऐक ना," गंगूबाई म्हणाली. "आता त ते नाल्यात आणखी खोल शिरली."